दस्तूची पाचवी तार

दस्तगीर गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्याच्यावर चिडलेलोच होतो. आदल्या दिवशीच आमचं कडाक्याचं वाजलं होतं, नेहमीच्याच विषयावरून... बेस गिटार. त्याचा मेहुणा सांगत होता, ''छातीत कळ आली, दवाखान्यापतूर पोचलं न्हाईत.'' आणि माझ्या तोंडून निघालं, ''असा कसा जाईल? रेकॉर्डिंग राहिलंय की!'' मेहुण्याला काय वाटलं असेल कोण जाणे. आता दीडेक महिना होऊन गेला, पण माझा राग काही उतरत नाही.

दस्तगीर नदाफ, आमचा दस्तू. घरचा धंदा गाद्या भरण्याचा. नव्वदच्या दशकात आमचा ऑर्केस्ट्रा जोरात होता. गणपती, लग्नं, पन्हाळ्याकडच्या गावांतल्या जत्रा, सगळीकडे मी की-बोर्डवर आणि तो चार तारांच्या बेसवर. केसांत कापसाचे तंतू तसेच घेऊन स्टेजवर उभा राहायचा. आयुष्यभर दुसऱ्यांची गाणी वाजवली, पण टेम्पोतून परतताना आम्ही आमच्याही चाली बांधल्या होत्या. पुढे डीजे आले, ऑर्केस्ट्रा बसला. मी कागलच्या कारखान्यात चिकटलो, जमेल तसा कॉम्प्युटर आणि माइक घेतला आणि दस्तूला म्हटलं, आता घरीच आपली सीडी करू. एक तरी आपल्या नावाची वस्तू मागे राहील. तो एका पायावर तयार झाला. अट एकच, पाच तारांचा बेस हवा, पाचवी तार सगळ्यांत खालच्या सुराची. त्याच्या वडिलांच्या कापूस पिंजायच्या पिंजणाची जाड दोरी, म्हणजे तात, लहानपणी त्याच्या उशाशी घुमायची. ''तेवढं खाली गेल्याबिगर आपल्या गाण्याला बूड न्हाय सुऱ्या,'' म्हणायचा.

मग सुरू झाली शोधाशोध. आमच्या खिशाला परवडेल अशी गिटार शोधायची म्हणजे आधीच मोजक्याच दुकानांची वाट, त्यात ह्याची परीक्षा जगावेगळी. ऑर्केस्ट्राच्या काळात ह्याच्या घरी अँप्लिफायर नव्हता. तेव्हा गिटारचं खुंट्यांकडचं टोक झोपायच्या खोलीतल्या लोखंडी कपाटाला टेकवून रियाज करायचा, आणि अख्खं कपाट घुमायचं. गिटार निवडतानाही तेच. कोल्हापूर झालं, बेळगाव झालं, पुणं झालं. दुकानात शिरला की अँप्लिफायरकडे ढुंकूनही बघायचा नाही. विचारायचा, ''लोखंडी कपाट हाय का?'' पुण्याच्या दुकानदाराने आम्हाला हिशेबाच्या कपाटापाशी नेलं तेव्हा मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. एक गिटार मानेला जड, एकीच्या तारा इतक्या जवळ की बोटं अडकतात, एकीची पाचवी तार ढिली. ''ही तार न्हाय, सुतळी हाय,'' म्हणून ती परत ठेवली. बेळगावच्या दुकानदाराने शेवटी विचारलंच, ''पावणं, घ्यायचं हाय का नुसतं कपाट वाजवायचं हाय?''

वर्षं गेली ह्यात. माझ्या कॉम्प्युटरवर सगळ्या गाण्यांचा की-बोर्ड भरून तयार, ठेका तयार, फक्त बेस नाही. मी ओरडायचो, भांडायचो. एकदाची एक स्वस्तातली काळी गिटार त्याच्या कपाटाला पसंत पडली. मी पेढे वाटायचेच बाकी ठेवले होते. वायर लावून रेकॉर्ड केलं आणि दस्तूचा चेहरा उतरला. वायरीतून गिटार येत होती, कपाट येत नव्हतं. ''ह्यो आवाज माझा न्हाय,'' म्हणाला आणि गिटार घेऊन घरी गेला. तो जायच्या आदल्या दिवशी त्याच्या घरी जाऊन मी म्हटलं, ''अरे, कुणाला कळणार हाय? एकदा वाजवून टाक!'' तर म्हणतो, ''मला कळतंय की.'' ह्या एका वाक्यापायी आमची सीडी राहिली. आणि हा माणूस खुशाल निघून गेला... कुणावर ओरडायचं आता?

चाळिसावा दिवस झाल्यावर दस्तूच्या बायकोने, शमाभाभींनी बोलावलं. म्हणाल्या, ''भाऊ, गिटार तुमी न्या.'' मी घरी आणली, वायर लावली. आवाज पातळ, परका. दस्तू खरं बोलत होता, ह्याचाही संताप आला. दुसऱ्या दिवशी गिटार आणि माइक घेऊन परत त्याच्या घरी गेलो. म्हटलं, कपाटाच्या आत माइक ठेवतो, आणि त्याचा बेस जमेल तसा मीच वाजवतो. भाभींनी एक कप्पा रिकामा करून दिला. कपाटाच्या दारावर छातीएवढ्या उंचीवर हिरवा रंग उडून लोखंड चकाकत होतं. गिटारचं टोक तिथे बरोबर बसलं.

मी पहिल्या गाण्याचा बेस सुरू केला तशा भाभी दारातून म्हणाल्या, ''तसं न्हाय भाऊ.'' आणि चक्क गुणगुणून दाखवलं. इतकी वर्षं ह्याच खोलीत ऐकलेलं. मी घाईघाईने म्हटलं, ''आणि पुढं भाभी? पुढं कसं हाय?''

''पुढचं ते रोज बदलत हुते. त्यांचं कुटं काय ठरत हुतं?''

मी कपाळावर हात मारला. मग दुसरं काही सुचेना म्हणून नुसती पाचवी तार छेडली. कपाट घुमलं, आतल्या बांगड्या किणकिणल्या, आणि भाभी पदर तोंडाशी धरून म्हणाल्या, ''व्हय... ह्यो मातुर त्यांचाच आवाज.''