मोहरीची काडेपेटी

मोहरी भरलेली काडेपेटी वाजत नाही, असं मी लागोपाठ चार बुधवार ठामपणे सांगत होतो. चार-पाच वर्षांची सोळा पोरं ती कानाशी हलवून खदाखदा हसायची आणि मी ती हिसकावून 'बिघडलेलं सामान' म्हणून पिशवीत टाकायचो. काडेपेटीत बिघडण्यासारखं काय असतं, हा प्रश्न मला एकदाही पडला नाही.

आमची आक्का वडगावात यंत्रमागांच्या गल्लीत, घराच्या पुढच्या खोलीत बालवाडी चालवते. मी उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत आहे. ओतीव लोखंडाच्या कडा ग्राइंडरवर घासण्यात सव्वीस वर्षं गेली. बुधवारी आमची सुट्टी. आक्काच्या मनात आलं, पोरांना घरातल्याच वस्तूंची वाद्यं करून द्यायची आणि आवाज शिकवायचा. मोठा कुठला, बारीक कुठला, जाड कशानं होतो, पातळ कशानं. आवाज शिकवायला तिनं भाऊ निवडला तो मी.

आता झाकण्यात अर्थ नाही. मला दोन वर्षांपासून कमी ऐकू येत होतं. बायकोनं ओळखलं होतं, "डॉक्टरला दाखवा" म्हणून मागं लागली होती. बाहेर कुणाला कळू नये, एवढीच माझी धडपड. कानाला मशीन लावून कारखान्यात गेलो की नवी पोरं त्याच दिवसापासून "म्हातारबा" म्हणणार, ही धास्ती. त्या मानानं आक्काची गल्ली मला फार सोयीची. दोन्ही अंगाला माग, सकाळपासून खटाखट. तिथं सगळेच ओरडून बोलतात आणि सगळेच "आँ?" करतात. त्या गल्लीत मी एकदम धडधाकट माणूस होतो.

वाद्यं मात्र मी मन लावून केली. बुटाच्या खोक्याला रबरं ताणून तंतुवाद्य. करवंट्यांचे टाळ. औषधाच्या बाटलीत हरभरे, दुसरीत जोंधळे, काडेपेटीत मोहरी. ढोलासाठी निपाणीच्या पाहुण्यांकडनं तपकिरीचा रिकामा पत्र्याचा डबा मागून आणला, धुतला, उन्हात वाळवला. पहिली थाप मारली आणि सोळाच्या सोळा पोरं शिंकायला लागली. आक्का पण. पदरानं नाक पुसत ती म्हणाली, "धुतलावतास न्हवं रं?"

"दोनदा धुतला."

"मग भैर घेऊन जा, तिसऱ्यांदा धू. आन् येताना तोंड पण धुवून ये, पोरांस्नी काय सांगायचं ते आठवंल."

त्या दिवशी घरी गेल्यावर "आज काय शिकलास?" असं आयांनी विचारलं, तर पोरांनी शिंकून दाखवलं म्हणे.

पाचव्या बुधवारी, अकराच्या सुमाराला, वीज गेली.

पहिल्यांदा समोरचे माग थांबले, मग शेजारचे, मग सगळी गल्ली. पोरं दचकली. त्यातलं एक रडायलाच लागलं. खटाखटीत जन्मलेली पोरं ती, शांततेला भ्यायली. विणकर उठून दारात आले. आक्काला मात्र घबाड सापडलं.

"आता बारीक आवाज ऐकायचा," ती म्हणाली. "समद्यांनी डोळं मिटायचं. आवाज आला की हात वर. मामा, तू पण."

मी पोरांच्या ओळीत मांडी घालून बसलो आणि एक डोळा किलकिला ठेवला. इतक्यात शेजारची चिमुरडी किंचाळली, "आक्का, मामा बघतोय!" आक्कानं माझाच रुमाल माझ्या डोळ्यांवर बांधला. पन्नाशीच्या माणसाची ही पत.

हरभरे वाजले, मी हात वर केला. जोंधळे वाजले, जरा विचार करून केला. मग काहीच नाही. बराच वेळ काही नाही. मला वाटलं, आक्का दूध बघायला आत गेली. करू की नको, करू की नको, असं होता होता कुणीतरी मोठ्यानं हसलं आणि मी घाईघाईनं हात उंच केला.

खोली दणाणली. रुमाल काढला. आक्का माझ्या कानापासून वीतभर अंतरावर काडेपेटी हलवत उभी होती. पोरांचे हात वर जाऊन, दमून, खालीसुद्धा आले होते.

ओळीच्या टोकाची, घरी कन्नड बोलणारी पोरगी उभी राहिली. "मामाग केळसंगिल्ल!" लगेच तिच्या शेजारणीनं मराठीत ओरडून सांगितलं, "मामाला ऐकू येत न्हाय!" आमच्या सीमाभागात गुपित फुटलं तर दोन्ही भाषांत फुटतं. दारातल्या विणकरांपैकी ज्यांना एक समजत नव्हती त्यांना दुसरी समजली.

मी मान खाली घातली. समोरचा मागवाला अण्णा आत डोकावला. "एवढंच व्हय? मी म्हटलं पोरगं पडलं का काय." आणि तो तंबाखू मळत निघून गेला. दोन वर्षं जीव टांगणीला लावून मी जे लपवलं, त्याला गल्लीत एवढीच किंमत आली.

"कधीपासनं रं?" आक्कानं हळूच विचारलं. म्हणजे हळूच असावं, तिच्या ओठांवरून कळलं.

"झाली दोन वर्षं."

काडेपेटी तिनं माझ्या हातात दिली. मी ती जोरानं हलवली. काही नाही. मग त्या कन्नड पोरीला विचारलं, "कशी गं वाजत्या ही?"

"पाल भितीवरनं पळत्या तशी."

"न्हाय मामा! पप्पा दाढी खाजिवत्यात तशी!"

"खोटं! आज्जी तांदूळ निवडत्या तशी!"

बघता बघता तिघांत जुंपली. चौथ्यानं पाचव्याचा कान धरला. सगळे माझ्याकडं निकाल मागू लागले, वाद्य मी बनवलं होतं म्हणून. "मामा, कुणाचं खरं?"

मला ठाऊक नव्हतं. पाल खरी, दाढी खरी की तांदूळ, हे जाणून घ्यावं असं इतकं जिवापासून मला कधी वाटलं नव्हतं.

"आक्का," मी म्हटलं, "डॉक्टरकडं नंबर लाव."

"पुढचा बुधवार चालंल?"

"उद्याचाच लाव. रजा टाकतो."