दुभाषी बाईला विचारलेला प्रश्न

परदेशातल्या त्या दवाखान्यात सगळे तिला दुभाषी बाई म्हणत. डॉक्टरांचं इंग्रजी मराठीत सांगायचं, पेशंटचं मराठी इंग्रजीत. मधे स्वतःचं काही घालायचं नाही. डॉक्टर 'मी' म्हणाले की हिनेही 'मी'च म्हणायचं, असा नियम होता. तिला तो जड गेला नाही. घरी तरी ती स्वतःचं काय बोलत होती?

मुलगी अभ्यासात मागे पडली तेव्हा शाळेने सांगितलं होतं, घरात इंग्रजीच बोला. नवऱ्याने ते मनावर घेतलं. सुरुवातीला तिघं मुक्यासारखी जेवत, कारण मीठ मागायचं तरी वाक्य जुळवावं लागे. भांडणं मात्र लवकर मिटत. शब्दच पुरत नसत. पुढे जीभ वळली, मुलीचा अभ्यासही सुधारला. घरातलं मराठी कधी बंद पडलं ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

एका सकाळी तिला आयसीयूत बोलावलं. आजोबा यंत्रावर होते. शेजारी आजी बसल्या होत्या, मुलगा भिंतीला टेकून उभा होता. "आईला इंग्रजी चांगलं येतं," तो म्हणाला. आजी इतके दिवस डॉक्टरांपुढे 'यस, यस' करत मान हलवत होत्या.

डॉक्टर बोलले. बाईने सपाट आवाजात सांगितलं, "ते आता शुद्धीवर येणार नाहीत. यंत्र बंद करायचं का, ते तुम्ही ठरवायचंय."

आजी दचकल्या. "मी याला यस म्हणून बसले की काय?"

"नाही आजी. हे आजच विचारतायत."

आजींनी तिचं मनगट धरलं. "तुझं घरचं माणूस असतं, तर तू काय केलं असतंस गं?"

बाईने तेही इंग्रजीत सांगितलं. इंग्रजीत तू काय नि तुम्ही काय, एकच. डॉक्टरांना वाटलं, आपल्यालाच विचारलं. त्यांनी उत्तर दिलं आणि बाईने सवयीने सांगून टाकलं, "माझी आई अशीच होती. मी बंद करायला सांगितलं."

"अगं पोरी," म्हणत आजींनी तिला जवळ ओढलं. चूक सुधारायला तिने तोंड उघडलं, पण तिचा चेहरा आजींच्या खांद्यात दबला होता. आजी पाठीवरून हात फिरवत राहिल्या. तिला रडूही आलं नाही. मग आजींनी डोळे पुसले आणि डॉक्टरांकडे बघून मान हलवली. दुपारी आजोबा गेले.

काही आठवड्यांनी आजी दवाखान्याबाहेरच्या बाकावर दिसल्या. "तुझ्याशी बोलायला आले. घरी सून चांगली आहे, पण तिला मराठी येत नाही, बोलणार काय?" मग म्हणाल्या, "तुझी आई कशी होती गं?"

"आजी, ती डॉक्टरांची आई. माझी जिवंत आहे. ठणठणीत."

आजी रागावल्या नाहीत. "मग माझ्याशी काय बोलत बसलीस? लाव तिला फोन."

तिने तिथेच लावला.

"आज मधेच कसा गं फोन? काय झालं?" आईने विचारलं.

"काही नाही."

"मग बोल."

 शेवटी आईच बोलू लागली, गुडघ्याचं, शेजारणीचं, नळाच्या पाण्याचं. बाकावर आजींशेजारी बसून ती नुसतं "हं, हं" करत राहिली.