बाबांनी लॉजला दिलेला शब्द

शेवटच्या वर्षी बाबा माझं नाव विसरले. लॉजमधलं मात्र एक अक्षर विसरले नाहीत.

आज त्यांना जाऊन वर्ष झालं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. बाबा शाळामास्तर, आणि मुंबईतल्या एका जुन्या बंधुसंघाचे मेंबर. त्यालाच ते लॉज म्हणायचे. गवंड्याच्या हत्यारांवरून माणसाने कसं वागावं, हे शिकवणारे विधी तिथे होतात. ओळंब्यासारखं सरळ राहायचं, पाणसळीवर सगळे सारखे, एवढं ते आम्हाला उघड सांगायचे. बाकी सगळं तोंडपाठ करायचं आणि बाहेर बोलायचं नाही, अशी शपथ.

मीटिंग असली की काळा कोट घालून रेवसहून मुंबईची लाँच पकडायचे.

आई चिडवायची, “कोळणींच्या पाट्यांमध्ये हे एकटे नवरदेव!”

“बंद दाराआड करता काय मेलं एवढं?” हेही दर वेळी.

“चांगलं वागायची प्रॅक्टिस.” पुढे एक शब्द नाही.

प्रॅक्टिस घरी दिसायची. वाडीच्या वाटण्या झाल्या तेव्हा आमचं कुंपण काकांच्या हद्दीत जरासं गेलं होतं. काकांच्या लक्षातही आलं नाही. बाबांनी स्वतः गडी लावून ते मागे घेतलं. सुपारीची चांगली फळती झाडं गेली.

“कुणी विचारलं होतं तुम्हाला?” आई भडकली.

“गुण्यात नव्हतं गं.” गुण्या म्हणजे गवंड्याचा काटकोन. आई कितीतरी दिवस धड बोलली नाही.

मग डिमेन्शिया आला.

जेवलो का, हेही आठवेना. पण दुपारी खुर्चीत ताठ बसून बाबा लॉजचं म्हणायला लागायचे. खणखणीत आवाजात. जन्मभर ओठांवर येऊ दिलं नाही, ते सगळं.

मला वाटलं, आई आता कानातलं ऐकायचं मशीन नीट बसवून, कान टवकारून ऐकणार.

आईने माझ्या दंडाला धरून मला बाहेर आणलं आणि दार ओढून घेतलं.

“अगं, ऐकू या ना. त्यांना कुठे कळतंय?”

“त्यांना कळत नाही म्हणूनच,” आई म्हणाली. “शब्द दिलाय त्यांनी. आता आपण सांभाळायचा.”

मला तेव्हा रागच आला होता. पण मग तेच सुरू झालं. बाबांनी सुरुवात केली की आम्ही दोघी पडवीत.

शेवटच्या दिवशी आवाज पुटपुटण्याइतकाच उरला होता. तरी दुपारी सुरू झाले. आई उठायला गेली, तर त्यांनी तिचा हात धरला. सोडेनात.

मी दारात उभी. आता ही काय करते?

आईने मोकळ्या हाताने कानातलं मशीन काढलं, उशाशी ठेवलं, आणि त्यांच्या तोंडाकडे बघत बसून राहिली. मधूनमधून मान डोलावत होती.

मी दार ओढून घेतलं.

संध्याकाळी बाबा गेले.

बाबा, तुम्ही सगळं म्हणून घेतलंत आणि कुणीही ऐकलं नाही. निवांत असा.

तुमच्या लेकीचा नमस्कार.