राखाडी किटल्या

किटलीवाल्या काकूंनी नाकावर कधी माशी बसू दिली नाही. त्यामुळे चौकातल्या दुकानदाराने त्यांच्या बाराही मातीच्या किटल्या परत केल्या, त्या दिवशी सून जरा लांबूनच बोलली.

"काय म्हणाला तो?"

"तोटीतून थेंब ओघळतो म्हणे. आणि रंग मेलेला! राख कोण विकत घेतं, म्हणाला. त्याच्या डोळ्यांतच राख पडलीय!"

काकूंना फार लागलं होतं. हाताने घडवलेली भांडी घ्यायला लोक त्या एकाच दुकानात जात. तिथली फळी मिळाली नाही, तर किटल्या घरात धूळ खात बसणार. पण काकूंची एक रीत होती. कुणी कामाला नावं ठेवली की आधी तोंडभर शिव्या द्यायच्या, मग बाह्या सरसावून पाणी घ्यायचं. पाणी ज्याची बाजू घेईल, त्याचं ऐकायचं.

त्यांनी ओट्यावर एकेक किटली ओतून पाहिली. नऊ किटल्यांच्या पोटावरून थेंब खाली घरंगळला.

"मेला खरं बोलला," काकू म्हणाल्या आणि त्या नऊ त्यांनी स्वतःच्या हातांनी फोडल्या. सून कळवळली.

"मग रंगही बदला ना, आई. निळा करा."

"रंगाबद्दल पाणी काही बोललं का?"

पुढचा महिना त्या तोट्यांशी झगडत होत्या. माती ओलसर असतानाच तारेने टोक कापायचं, बोटाने कड धारदार करायची. भट्टीतून किटल्या निघाल्या त्या राखाडीच.

नव्या किटल्यांचं खोकं घेऊन काकू दुकानात गेल्या, तेव्हा दुकानदार पेपर वाचत होता. काकूंनी त्या पेपरवरच कप ठेवला, किटली भरली, ओतली, मध्येच थांबवली. कागदावर टिपूस नाही.

"तोटी झकास," तो म्हणाला. "रंग मात्र तोच?"

"तोटीचं तुमचं ऐकलं. रंग माझा आहे."

"बरं, ही एक ठेवून जा. माझ्या चहाला."

"चहा प्यायला घरी या. इथे राहिल्या तर सगळ्या राहतील."

काकूंनी खोकं उचललं. मान ताठ ठेवून त्या निघाल्या. उंबऱ्याशी पोचल्या तोच दुकानदाराने धावत येऊन खोक्याची दुसरी बाजू धरली.

"आणा इकडे. दर्शनी फळीवर मांडतो."

"तुम्ही फळी पुसा," काकू म्हणाल्या. "मांडणार मी."