आईनं घासलेले दगड

लेकीसाठी खाऱ्या पाण्याची छोटी मासेटाकी घ्यायचं ठरलं, तेव्हा पाणी साफ ठेवायचं कसं, यावर मी कितीतरी संध्याकाळी घालवल्या. माशांच्या घाणीचं पाण्यात विष होतं. ते पचवणारे जिवाणू टाकीत कुठंतरी वसवावे लागतात. एक तर डब्यासारखा बंद फिल्टर घ्यायचा, नाहीतर समुद्रातले सच्छिद्र दगड ठेवायचे, ज्यांच्या पोटात हे जिवाणू आधीच नांदत असतात. मी व्हिडिओवर व्हिडिओ बघत राहिलो.

"मला बघायला आलास, तेव्हा चहा संपायच्या आत होकार दिला होतास," बायको म्हणाली.

शेवटी दगड घेतले. लहान टाकीला डबा कशाला, असं मी बायकोला आणि लेकीला पटवलं. खरं म्हणजे त्या डब्याच्या नळ्या जोडायची मला धास्ती होती. आई तेव्हा स्वयंपाकघरात होती. नारायणगुड्याच्या दुकानातून दगड आणले, जिवाणू स्थिरावेपर्यंत टाकीतलं पाणी मुरू दिलं आणि मग लेकीनं स्वतः निवडलेली नारिंगी माशांची जोडी आली. शाळेत जाताना ती त्यांना सांगून जायची, मला नाही.

मग संक्रांतीचं हळदीकुंकू आलं. आमच्याकडे त्यासाठी पंख्याची पातीसुद्धा पुसली जातात. मी ऑफिसातून आलो तर टाकीतले दगड लख्ख.

"शेवाळ धरलं होतं रे," आई म्हणाली. "मासे त्यांच्याच पाण्यात बादलीत काढले आणि दगड नळाखाली ब्रशनं घासले. बायका काय म्हणाल्या असत्या?"

बायका छानच म्हणाल्या. दगडातले जिवाणू मात्र मोरीतून गेले होते. दुसऱ्या दिवशी मासे वर येऊन भराभर तोंड उघडू लागले. पाणी तपासायच्या नळीत पिवळा रंग यायला हवा, तिथं हिरवा आला. "मरणार का रे बाबा?" लेकीनं हळूच विचारलं. आईनं ते ऐकलं आणि ती आत जाऊन बसली.

मासे पिशवीत घालून आम्ही दुकान गाठलं.

"अम्मा ने धोए? हौ, हर घर में एक धोने वाला रहता, साब," दुकानदार म्हणाला. "छोड़ दो यां. पानी पके बाद ले जाना." त्यानं स्वतःच्या जुन्या टाकीतला एक दगड पाण्यासकट पिशवीत दिला.

"आता तो डबाच घे," घरी आल्यावर बायको म्हणाली. "निदान कोणी घासणार तरी नाही."

मीही तयार झालो होतो. पण आईनं आतून येऊन विचारलं, "एका दगडानं काय होणार?"

"यातले जिवाणू बाकीच्या दगडांत पसरतात. वेळ लागतो."

तिनं पिशवीत डोकावून पाहिलं. "म्हणजे विरजण की. मग आधी सांगायचं ना. विरजणाचं भांडं मी घासलं असतं का?"

डबा घ्यायचा राहिलाच. जिवाणू उपाशी राहू नयेत म्हणून आई रोज रिकाम्या टाकीत चिमूटभर खाद्य टाकू लागली. कामवाली फडकं घेऊन आली, की "काच पूस, आत हात नक्को" म्हणून बजावायची. शाळा सुटल्यावर आजी-नात नळीत पाणी घेऊन रंग बघायच्या. मला तिसरा नंबर.

रंग पिवळा झाला आणि पुढंही पिवळाच राहिला, तेव्हा आम्ही तिघं मासे आणायला गेलो. परतताना रिक्षात मी पिशवी धरायला हात पुढे केला. लेकीनं ती आजीच्या मांडीवर ठेवली.