दाजींची पोच

स्वतःवर संशय घेण्याच्या बाबतीत माझ्या थोरल्या साडूंची बरोबरी करील असा माणूस निदान कोल्हापूर जिल्ह्यात तरी जन्माला आलेला नाही. दुसऱ्यावर संशय घेणारे आपल्याकडं गल्लीगणिक चार सापडतात. दाजींचं उलटं. जगावर भाबडा म्हणावा इतका विश्वास आणि स्वतःवर काडीचा नाही. (बायको त्यांना दाजी म्हणते म्हणून लग्नानंतर मीही दाजीच म्हणू लागलो. ते मला आजतागायत ‘पावणं’ म्हणतात.) घराला कुलूप लावलं की ते तीनदा ओढून बघत, कोपऱ्यापर्यंत जात, परत येऊन चौथ्यांदा ओढत, आणि तरीही आपल्याच हाताचा काय भरवसा म्हणून रस्त्यानं जाणाऱ्याला थांबवत. “पावणं, एवढं कुलूप जरा ओढून बघता का?” एकदा असा थांबवलेला माणूस निघाला साध्या कपड्यातला हवालदार. त्यानं कुलूप ओढलं, खिडक्या तपासल्या आणि दाजींनाच विचारलं, “घर तुमचंच हाय न्हवं?” उत्तर द्यायच्या आधी दाजी क्षणभर थांबले, असं त्यांची बायको, म्हणजे माझी मेहुणी आक्का, अजून सांगते.

निरोपांच्या बाबतीत तर विचारूच नका. गडहिंग्लजला राहणाऱ्या भावाला त्यांनी कार्ड टाकलं की दुसऱ्या दिवशी पहिलं मिळालं का म्हणून दुसरं कार्ड जाई, आणि दोन्हींची उत्तरं यायच्या आत दाजी स्वतःच एस.टी.नं भावाच्या दारात हजर. सीमेकडची माणसं ही. घरात निम्मं कानडी. दारातूनच विचारत, “बंता?” म्हणजे, आलं का? भाऊ म्हणे, “पत्र न्हाय आलं, तू आलास.” माझ्या लग्नाची निमंत्रणं वाटायला ते माझ्याबरोबर फिरले, तेव्हा पत्रिका हातात ठेवून ते निघत नसत. “मुहूर्त किती वाजता सांगितला मी? म्हणून दाखवा.” एका वयस्कर वकिलांनी उभं राहून, शाळेतल्यासारखे हात मागं बांधून तिथी, वार, वेळ आणि कार्यालयाचा पत्ता म्हणून दाखवला, तेव्हा कुठं आम्हाला पुढच्या घरी जाता आलं.

या स्वभावाला साजेशी नोकरीही त्यांना मिळाली होती. उद्यमनगरातल्या एका कारखान्यात तयार झालेले सुटे भाग मोजून पास-नापास करायचे. वीस वर्षं मोजमाप केल्यावर चाळिशीत त्यांना संगणकाचं वेड लागलं. क्लासला जाऊन आपल्या निम्म्या वयाच्या पोरांत बसून ते प्रोग्रॅम लिहायला शिकले, नोकरी सोडली आणि शाहूपुरीत गुळाच्या वखारीवरची एक खोली भाड्यानं घेतली. त्या खोलीत संगणकालासुद्धा गुळाचा वास यायचा आणि कीबोर्डच्या फटींतून मुंग्या हिंडायच्या.

त्यांची खासियत एकच. एकाच संगणकावर चालू असलेल्या दोन प्रोग्रॅमांना एकमेकांशी बोलायला लावणं. मला त्यातलं काही कळत नाही, पण त्यांनी माझ्याकडून इतक्या वेळा म्हणवून घेतलं आहे की पाठ आहे. पडद्यावर उघडलेली प्रत्येक खिडकी म्हणजे एक घर. त्या घराला एक क्रमांक असतो, पण प्रोग्रॅम बंद करून उघडला की क्रमांक बदलतो. म्हणून आधी खिडकीच्या माथ्यावरचं नाव शोधायचं, नावावरून क्रमांक मिळवायचा आणि त्या क्रमांकावर निरोप धाडायचा. आता निरोप धाडायच्या रीती दोन. एक म्हणजे टाकला आणि आपल्या वाटेनं गेला. दुसरी म्हणजे समोरचा ‘मिळाला’ म्हणेपर्यंत दारात उभं राहायचं. दाजी कुठली रीत वापरत हे सांगायला नको. समोरचा प्रोग्रॅम अडकला तर त्याची वाट बघत दाजींचाही अडकायचा आणि सगळा संगणक ठप्प व्हायचा. गिऱ्हाइकं वैतागायची. दाजी म्हणायचे, “थांबलेलं परवडलं. पण पोचलं म्हणून समजायचं आणि पोचलेलं नसायचं, ते न्हाय परवडत.”

शाहूपुरीतच रक्त-लघवी तपासणारी एक लॅब होती. तिथं तपासणी यंत्राचा एक प्रोग्रॅम आणि रिपोर्ट छापायचा दुसरा, दोन्ही एकाच संगणकावर. शैला नावाची मुलगी एका खिडकीतला आकडा बघून दुसरीत टाइप करायची. दिवसातून शंभर आकडे, एखादा चुकायचाच. दाजींनी मधे एक छोटा प्रोग्रॅम बसवला. यंत्रानं साखर मोजली की तो आकडा आपोआप रिपोर्टच्या खिडकीत जाई आणि ती खिडकी ‘मिळाला’ म्हणे. सहा महिने एक चूक नाही. तरी दाजी रोज सकाळी लॅबच्या जिन्यात उभं राहून विचारायचे, “शैला, सगळं बरोबर चाललंय न्हवं?”

माझ्या मुलीच्या बारशाच्या दिवशीही ते तिथं डोकावूनच आमच्या मंगळवार पेठेतल्या घरी आले. खुशीत होते. शैलानं नवीन युक्ती काढली होती. एका रिपोर्टचा आकडा यायला वेळ लागला की ती तोच प्रोग्रॅम दुसऱ्यांदा उघडून पुढच्या पेशंटचं नाव घालून ठेवायची. काम लवकर उरकत होतं. “हुशार पोरगी,” दाजी म्हणाले.

घरात ही गर्दी. पाळणा सजवायचा होता आणि त्याची रेशमी झालर कपाटात. सासूबाईंनी कपाटाची किल्ली माझ्या हातात दिली, “आक्काला द्या.” मी दिली. दहा मिनिटांनी झालरीवरून ओरडा. आक्का म्हणते, मला किल्ली कुणी दिलीच नाही. माझ्यावर सगळ्यांचे डोळे. दाजी पुढं झाले.

“पावणं, तुम्ही किल्ली कुणाला दिली?”

“आक्काला.”

“आक्कानं घेतली?”

“घेतली की. ‘बरं’ म्हणाली आणि कमरेला खोचली.”

तेवढ्यात समोरच्या घरातल्या म्हाताऱ्या आक्का स्वयंपाकघरातून कमरेची किल्ली हलवत बाहेर आल्या. त्यांनाही सगळी गल्ली आक्काच म्हणते. बायका हसत सुटल्या. मीही हसलो. दाजी हसले नाहीत. त्यांचा चेहरा कणकेसारखा पांढरा झाला होता.

“दोन खिडक्या,” ते हळू आवाजात म्हणाले. “एका नावाच्या. माझा प्रोग्रॅम नाव शोधतो, जी पहिली सापडंल तिला देतो. आणि ती ‘मिळालं’ म्हणणार.”

त्यांनी शेजारच्या फोनवरून लॅबला फोन लावला. एंगेज. परत लावला. एंगेज. मी स्कूटर काढली. बायको बाळाला घेऊन दारात आली, “अहो, नाव ठेवायचंय,” म्हणाली. “दहा मिनिटांत येतो,” मी म्हणालो. ती दहा मिनिटं ती अजून मोजते आहे.

वाटेत उसाच्या ट्रॉलीमागं अडकलो. मागं बसलेल्या दाजींची बोटं माझ्या खांद्यात रुतत होती. लॅबचा जिना ते चपला खालीच सोडून चढले.

“शैला, आजचा पट्टा काढ.”

यंत्र स्वतःही कागदाच्या अरुंद पट्टीवर आकडे छापायचं. ती पट्टी आणि त्या दिवशीच्या रिपोर्टांच्या प्रती घेऊन दोघं समोरासमोर बसली. शैला नंबर वाचायची, दाजी आकडा. तेरापर्यंत सगळं जुळलं. चौदाला शैलानं कागद दाजींच्या पुढं सरकवला. चौदा नंबरची साखर पंधरा नंबरच्या कागदावर गेली होती आणि पंधराची चौदावर. पुढचे सगळे परत बरोबर. दाजींनी तरी ते तीनदा तपासले.

पंधरा नंबर म्हणजे एक शिंपी. दोन गल्ल्या पलीकडच्या दवाखान्यात ऑपरेशनसाठी दाखल. त्याला साखर नव्हतीच, पण कागदावर चारशेच्या वर. “त्यांच्या डॉक्टरांनी आत्ताच फोन केलता,” शैला म्हणाली. “म्हणाले, जेवणाआधी इन्सुलिन द्यायला सांगितलंय.”

दाजी अनवाणी पळत सुटले. पंचेचाळिशीचा, पोट सुटलेला माणूस भर दुपारी शाहूपुरीतून पळतोय आणि मागं बारशाच्या झब्ब्यात मी. दवाखान्याच्या वॉर्डात पोचलो तेव्हा नर्स ट्रेमध्ये भरलेलं इंजेक्शन घेऊन खाटेशी उभी होती आणि शिंपी मांडी घालून दाराकडं बघत बसला होता.

“दिलं?” दाजींना धाप लागली होती.

“न्हाय अजून,” नर्स म्हणाली. “यांचा डबा घरनं आला न्हाय. जेवण समोर आल्याबगर देत न्हाय आम्ही.”

दाजी शेजारच्या रिकाम्या खाटेवर बसले. त्यांनी घडलं ते सगळं सांगितलं. शिंप्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, “मग मी आता जेवू शकतो न्हवं?”

राहिला चौदा नंबर. हौसाबाई, वय साठ, नेसरी. एवढंच लिहिलं होतं. पायाची जखम भरत नाही म्हणून डॉक्टरांनी तपासायला पाठवलेली बाई. रक्तात साखर चारशे बारा, आणि हातात कागद ‘सगळं ठीक’चा. मलम घेऊन ती अकराच्या गाडीनं गेलीही होती.

आम्ही लॅबमध्ये परतलो तोवर लॅबचे मालक आले होते. त्यांनी दार लावून घेतलं. “नवा रिपोर्ट पोस्टानं पाठवू. कारण लिहायचं नाही. फारच कुणी विचारलं तर टायपिंगची चूक म्हणायचं.” शैला भिंतीकडं बघत होती. टायपिंग म्हणजे कोण, हे तिला कळत होतं.

“टायपिंग कुणी केलंच न्हाय,” दाजी म्हणाले. “एका नावाच्या दोन खिडक्या उघडू शकतात, हे मला सुचायला पायजे होतं. मला न्हाय सुचलं.” त्यांनी लॅबच्याच कागदावर चूक माझी असं लिहून खाली सही केली. ते वाचून मालक बोलले ते इथं लिहीत नाही. त्या कागदानं दाजींचं तिथलं काम संपलं आणि त्या गल्लीतली आणखी दोन कामंही.

पोस्टानं पाठवायला दाजी तयार होतील हे शक्यच नव्हतं. शैलाकडून त्यांनी खरा रिपोर्ट घेतला आणि आम्ही गडहिंग्लजमार्गे नेसरीची एस.टी. पकडली. तीन तास ते खिडकीला टेकून बसले. एकदाच म्हणाले, “पावणं, कुलपं ओढत बसलो वो मी. कुलपं.”

दिवस मावळायला आला होता. दोन-तीन दारं विचारल्यावर हौसाबाईचं घर सापडलं. ती उंबऱ्यावर बसली होती. एका पायाला पट्टी आणि हातात परात. परातीत गुळाच्या पोळ्या, भोवती शेजारणी. साखर असेल या भीतीनं तिनं दोन महिने गोड तोंडात घातलं नव्हतं आणि आज कागद चांगला आला म्हणून पोळ्या केल्या होत्या. आम्हाला बघून तिनं आधी दोन पोळ्या पुढं केल्या. कोण, कुठले, हे मागाहून.

दाजींनी पोळी घेतली नाही. खाली, अंगणातच बसले.

“मावशी, किती खाल्ल्या?”

“एकच. आन् ह्यी दुसरी.”

“ती ठेवा खाली. तुमचा कागद चुकीचा आलाय. चूक माझी हाय. तुम्हाला साखर हाय, आन् लई हाय.”

आतून तिचा मुलगा आला. त्यानं ऐकलं आणि दाजींना फैलावर घेतलं. “आईचा पाय गेला असता मंजी? तुम्ही काय कागुद वाटताय का पत्ते?” दाजी मान खाली घालून ऐकत होते. एकदाही ‘पण’ म्हणाले नाहीत. हौसाबाईनं हातातली अर्धी पोळी परातीत ठेवली.

“मग त्यो चांगला कागुद कुणाचा व्हता?”

“एका शिंप्याचा.”

“त्याला काय न्हाय न्हवं?”

“काय न्हाय. ठणठणीत हाय.”

“बरं झालं की,” ती म्हणाली. “एकाचं तरी खरं निघालं.” आणि मुलाला म्हणाली, “त्यास्नी पाणी दे. माणूस सांगाय आलाय.”

रात्री त्यांनी आम्हाला जाऊ दिलं नाही. सकाळी तिला घेऊनच आम्ही कोल्हापूरला आलो. पाय वाचला. दोन बोटं काढावी लागली. ती आधीच गेलेली होती, एका दिवसानं काही फरक पडला नसता, असं डॉक्टरांनी दाजींना समजावून सांगितलं. दाजींनी त्यांच्याकडून ते परत म्हणवून घेतलं नाही. आयुष्यात पहिल्यांदाच. फक्त मान हलवली आणि बाहेर जाऊन बसले.

प्रोग्रॅम त्यांनी दुरुस्त केला. आता निरोपाबरोबर पेशंटचा नंबर जाई आणि समोरची खिडकी तोच नंबर परत म्हणून दाखवल्याशिवाय आकडा लिहीत नसे. तो त्यांनी फुकट नेऊन दिला. मालकांनी घेतला नाही. त्यांनी पुण्याची माणसं लावली. दाजींनी वखारीवरची खोली सोडली आणि क्लासमध्ये शिकवायला लागले.

वर्षातून दोनदा मात्र ते नेसरीला जायचे. हौसाबाईला तपासायला न्यायचं, गोळ्या वेळेवर घेते का बघायचं आणि मुलाशी ऊस-पाण्याच्या गप्पा मारून यायचं. दहा-अकरा वर्षं हे चाललं. नंतर ती गेली, म्हातारपणानंच. तेराव्याला मी दाजींबरोबर गेलो होतो. मांडवात माणसं बसली होती. आम्ही कडेला उभे. भावकीतल्या एका म्हाताऱ्यानं दाजींना वर-खाली बघितलं.

“पावणं, तुम्ही म्हातारीचं कोण?”

दाजींच्या वतीनं मी उत्तर द्यायला निघालो, तर त्यांनी माझा हात धरला.

“कोण न्हाय,” ते म्हणाले. “एकदा चुकीपायी आलतो. मग येतच राहिलो.”

म्हातारा थोडा बाजूला सरकला आणि त्यानं दाजींना घोंगड्यावर जागा करून दिली.