रुपर्टसानची भिंत

ब्रदर रुपर्टना मी पहिल्यांदा पाहिलं ते शिडीवर. १९९५चा डिसेंबर होता. सेंदाईत येऊन आम्हाला दोन वर्षं झाली होती. माझा नवरा स्वानंद तिथल्या विद्यापीठात धातूंवर संशोधन करायचा आणि आमची तन्वी घराजवळच्या चर्चच्या बालवाडीत जायची. नाताळच्या नाटकासाठी आम्ही सगळ्या आया कागदाची फुलं करत बसलो होतो आणि एक उंच, पाठीत वाकलेले जर्मन गृहस्थ मागच्या पडद्यावर बेथलेहेमची टेकडी रंगवत होते. हात कापत असल्यामुळे रेघ टेकडी सोडून आभाळात जात होती. बाकीच्या आया ते दिसतच नसल्यासारख्या फुलं करत राहिल्या. ते तिथलं सौजन्य होतं. मला जमलं नाही. मी उठले, शिडीपाशी गेले आणि ब्रशसाठी हात पुढे केला.

लग्नाआधी मी पुण्यात एका शाळेत चित्रकला शिकवत होते. सेंदाईत मात्र सकाळी चार तास ओबेंतोच्या, म्हणजे तयार जेवणाच्या, कारखान्यात डबे भरायचा बाइतो, म्हणजे अर्धवेळ काम, करत होते. दोन वर्षांत हातात ब्रश धरला नव्हता. टेकडी पूर्ण केली, पायथ्याशी चार मेंढ्याही काढल्या. ब्रदरनी विचारलं, कुठे शिकलीस? पुण्यात, म्हटलं. पुण्याला समुद्र आहे का? नाही. "मग डोंगर बरे काढत असशील," असं म्हणून ते खुर्चीत जाऊन बसले आणि पुढचा सगळा पडदा त्यांनी माझ्याकडून करून घेतला.

त्यांचं जपानी ऐकून माणसं चकित व्हायची. पुस्तकी नव्हेच, कोळ्यांचं. १९५१ साली ते मिशनबरोबर आले आणि सेंदाईपासून अर्ध्या तासावरच्या एका लहान बंदरात बरीच वर्षं राहिले. ते धर्मगुरू नव्हते, प्रवचन करत नसत. मठातले साधे बंधू. चर्चची कुलुपं दुरुस्त करायची, बाग बघायची, आणि चित्रं काढायची.

त्यांचे वडील बव्हेरियातल्या एका खेड्यात दुकानांच्या पाट्या रंगवत. मुलगाही तेच शिकला. युद्धात सैन्यात भरती झाल्यावर अक्षर चांगलं म्हणून त्याला एक काम लावून दिलं: मेलेल्या सैनिकांच्या लाकडी क्रुसांवर नावं रंगवायची. रशियातला अख्खा एक हिवाळा त्याने तेच केलं. हे ब्रदरनी मला एकदाच सांगितलं, तेही ब्रश धुता धुता. "कितीतरी जण माझ्याच वयाचे होते," म्हणाले. "तेव्हा ठरवलं, जगलोवाचलो तर जिवंत माणसांचे चेहरे काढायचे."

आणि त्यांनी ते काढले. बंदरावरच्या चर्चमध्ये वेदीच्या मागची पूर्ण भिंत त्यांनी १९५४ साली रंगवली. येशूच्या शब्दाखातर कोळी पुन्हा जाळं टाकतात आणि जाळं माशांनी फाटायला येतं, ती गोष्ट. पण होड्या त्या बंदरातल्या आणि माणसंही तिथलीच. जाळं ओढणारा पोस्टमन, किनाऱ्यावर टोपली घेऊन उभी असलेली कालवंवाली, होडीत लवंडून हसणारा तोफूवाला. एकूण बत्तीस चेहरे. त्यातले बरेचसे लोक ख्रिस्तीही नव्हते. तरी दर रविवारी कुणी ना कुणी आपल्या आजोबांना बघायला यायचं.

१९९६च्या फेब्रुवारीत ब्रदर मला ती भिंत दाखवायला घेऊन गेले. छत गळून गिलाव्यात पाणी मुरलं होतं. डावीकडच्या निम्म्या चित्राचे पोपडे निघाले होते. काही माणसांना नुसते खांदे उरले होते. चर्चच्या समितीने भिंतीला पांढरा रंग द्यायचं ठरवलं होतं. ब्रदर म्हणाले, "मला सहा महिने द्यायला सांगितलंय. माझे डोळे अजून चालतात, हात चालत नाहीत. तुझे हात देशील?"

मी ख्रिस्ती नाही, असं मी सांगितलं. तोफूवालाही नव्हता, ते म्हणाले.

समितीचे प्रमुख कान्नोसान निवृत्त शिक्षक होते. वाईट माणूस नव्हेत, पण त्यांना काळजी वाटत होती. ब्रदर अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, मी डबे भरणारी परदेशी बाई. वेदीच्या मागची भिंत आमच्या हाती द्यायची कशी? त्यांनी हे माझ्यासमोर अतिशय नम्रपणे विचारलं, म्हणून जास्तच लागलं. शेवटी एक कोपरा आधी करून दाखवा, मग बघू, असं ठरलं. मी घरी येऊन स्वानंदला म्हटलं की मी बाइतो सोडतेय. त्याने तन्वीला शाळेतून आणायचं काम स्वतःकडे घेतलं आणि पुढे कधी त्याचा उल्लेखसुद्धा केला नाही.

तीन आठवडे मी फक्त गिलावा आणि रंग शिकले. कुठला चुना धरतो, कुठला सोडतो, रंगाची पूड अंड्याच्या बलकात किती घोटायची, पाणी किती. आमच्या माहेरी अंडं घरात येत नसे, आणि इथे मी रोज डझनभर फोडत होते. ब्रदर खाली खुर्चीवर बसून परांचीवरच्या माझ्याकडे दुर्बिणीतून बघायचे. चुकलं की काठी जमिनीवर एकदा आपटायची. बरोबर असलं की काहीच नाही. पहिला कोपरा, म्हणजे ओली दोरी आणि होडीची कड, मी चार वेळा खरवडून काढला. पाचव्यांदा काठी वाजली नाही. कान्नोसान आले, नाकाला भिंत लागेल इतके जवळ गेले, आणि दुसऱ्या दिवशी परांचीसाठी आणखी फळ्या पाठवून दिल्या.

चेहरे परत काढायला फोटो लागत. गावातून अल्बम आले. पण एका माणसाचा फोटोच नव्हता. सुकाणूपाशी उभा असलेला ओइकावा नावाचा कोळी. चित्र झाल्यानंतर दुसऱ्याच वर्षी तो समुद्रात गेला तो आलाच नाही. घराला पुढे आग लागली, त्यात होते नव्हते ते फोटो गेले. भिंतीवर त्याची हनुवटी तेवढी शिल्लक होती. ब्रदरनी खूप आठवून पाहिलं. मग कबूल केलं की चेहरा आठवत नाही. त्यांना इतकं खजील झालेलं मी पाहिलं नव्हतं.

त्याची बायको होती. ऐंशीला आलेली, बंदरावर एकटी राहायची. मी तिच्याकडे जायला लागले. ती कालवं सोलत बसे आणि मी वहीत काढत असे. नाक थोडं रुंद. भुवई एका बाजूला तुटलेली. मी काढून दाखवायचे, ती मान हलवायची. हा त्याचा भाऊ वाटतोय, म्हणायची. दहा-बारा चेहरे झाले. मी रडकुंडीला आले. मग एकदा तिला सहज विचारलं की भरलेलं जाळं वर आलं की तो काय करायचा.

ती म्हणाली, "माशांकडे सगळे बघायचे. हे नाही. हे आभाळाकडे बघायचे, परत जाता येईल का म्हणून."

मी तिथून तशीच चर्चमध्ये गेले आणि परांचीवर चढले. डोळे वर उचलले तसं कपाळ बदललं, मान ताणली, तोंड किंचित उघडं राहिलं. उरलेली हनुवटीही थोडी वर उचलून घेतली, तेव्हा ती त्या चेहऱ्याखाली नीट बसली. दोन दिवस लागले. काठी वाजली नाही.

ओइकावाबाईंना आणलं. त्या वेदीपर्यंत गेल्या, वर पाहिलं. मग मला म्हणाल्या, "दमलेत, पण ठीक आहेत." आणि कमरेत पूर्ण वाकून त्यांनी नमस्कार केला. मला की त्याला, कळलं नाही. मीही वाकले.

ऑगस्टमध्ये बिशप आले, प्रार्थना झाली, गाव लोटला. आभाराच्या भाषणात बिशप म्हणाले की ब्रदर रुपर्ट आणि त्यांच्या मदतनीस यांनी भिंत वाचवली. ब्रदर खुर्चीतून उठले. सभेत ते कधी बोलत नसत. माझ्याकडे काठी दाखवून म्हणाले, "सुकाणूवरचा माणूस वीणासाननी काढलाय. मला तो असा जमला नसता. मी चौपन्न साली त्याला माशांकडे बघताना काढला होता." कान्नोसाननी सगळ्यांत आधी टाळ्या वाजवल्या. तन्वीने मागे वळून बालवाडीतल्या मैत्रिणीला जपानीत सांगितलं, ही माझी आई. मला तेव्हा खाली बघायला हवं होतं, तशी तिथली रीत. मी बघितलं नाही. मान ताठ ठेवून बसले.

दुसऱ्या वर्षी स्वानंदला तोक्योत नोकरी लागली आणि आम्ही उरायासुला राहायला गेलो. ब्रदरनी कापऱ्या हाताने चार ओळींची शिफारस लिहून दिली होती. त्यावर मला तोक्योतल्या एका कार्यशाळेत जुनी चित्रं दुरुस्त करण्याचं काम मिळालं. सुरुवातीला पाणी उकळायचं, मग गोंद, मग हळूहळू कागद.

१९९९च्या वसंतात मी त्यांना मठाच्या वृद्धाश्रमात भेटले. डोळेही गेले होते. सध्या काय करतेस, विचारलं. मी सांगितलं, घडीच्या एका जुन्या पडद्यावरच्या बगळ्याचा पाय. किती दिवस झाले? अकरा. त्यांनी माझी बोटं चाचपली, नखांतला रंग अंगठ्याने घासून पाहिला आणि शेजारच्या खाटेवरच्या माणसाला मोठ्यांदा हाक मारली. "ओळख करून देतो," म्हणाले, "या चित्रकार आहेत."